अमोनियाचा आकार

रविवारचं जेवण झाल्यावर वडिलांनी उरलेल्या अळकुडीत खराट्याचे तीन हीर खोचले आणि टोकांना तिचेच बारीक तुकडे लावले.

"झालं! तुमच्या तातांनी ताटातच शाळा भरवली," आई म्हणाली.

"हा अमोनिया, उद्याच्या तासासाठी. आकार सांग," ताता मला म्हणाले.

"सपाट. तिघेही हायड्रोजन सारख्या अंतरावर."

"चूक. वर इलेक्ट्रॉनांची एक जोडी असते. ती दिसत नाही, पण जागा अडवून बसते. म्हणून हे तिघे खाली ढकलले जातात. कळलं का?"

मी नेहमीसारखी नुसतीच हसले आणि ताटं उचलली.

दुसऱ्या दिवशी सुवा शहरातल्या त्यांच्या शाळेत, फळ्यापाशीच ते कोसळले.

दफनाला आलेले पाहुणे आपापल्या बेटांवर परतले, तेव्हा आम्ही घरचेच जेवायला बसलो. चटईचं वरचं टोक घरातल्या कर्त्याचं. अर्धी चटई मोकळी होती आणि आई, माझा भाऊ विलिमोनी आणि मी खालच्या टोकाला गुडघ्याला गुडघा लावून बसलो होतो.

"अरे, सरका की जरा वर," आई म्हणाली. तीही सरकली नाही.

 

त्या मोकळ्या जागेकडे बघून मी मोठ्याने म्हणाले, "कळलं, ताता."