घोरपडीच्या आठवणीतले हात

सोमवारी प्रयोगशाळेतली म्हातारी घोरपड मेली. तिचा मेंदू काढून फॉर्मलिनमध्ये ठेवण्याआधी यशवंत घागांनी नेहमीसारखे हात कोमट पाण्यात धरले.

“बाबा, मेलीय ती. आता कसली थंडी वाजतेय तिला?” डबा घेऊन आलेली सुनीती हसली.

“तिला सवय होती गं. मलापण आहे.”

बुधवारी तेही गेले.

महिन्याने तो मेंदू स्मृतिवाचक यंत्रात ठेवला, तेव्हा सुनीतीला मुद्दाम बोलावलं होतं. आजवर प्रत्येक मेंदूतून नुसतं धुकं निघालं होतं. या वेळी पडद्यावर दोन ऊबदार तळवे स्पष्ट उमटले.

“इतका छान कुणी जपला हा मेंदू?” एका पाहुण्यांनी विचारलं.

शाळेपासून सुनीती ‘वडील सरकारी नोकरीत’ एवढंच सांगत आली होती.

“माझ्या बाबांनी,” ती मोठ्याने म्हणाली. “ते इथे शिपाई होते. हे हात त्यांचेच.”