एकतीस उजाडली की भाडं

“पण मालकीणबाई, एकतीस कुठे उजाडली?”

कुलूपवालीच्या तोंडून निघून गेलं आणि तिला जीभ चावावीशी वाटली.

भाडं मागायला आलेल्या मालकीणबाई जिन्यातच थांबल्या. फेब्रुवारी त्या दिवशी संपत होता. आईला घेऊन कुलूपवाली वरच्या खोलीत राहायला आली ती जानेवारीच्या एकतीसला. तेव्हाच ठरलं होतं, भाडं दर महिन्याच्या एकतीसला. खाली बोळाच्या तोंडाशी तिनं कुलपं दुरुस्त करायचं टेबल नुकतंच मांडलं होतं, आणि होतं नव्हतं ते आईच्या ऑपरेशनला गेलं होतं.

“म्हणजे गं?”

“म्हणजे... ठरलं तसंच. या महिन्यात एकतीस नाहीच.” आता माघार कशी घ्यायची?

मालकीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग दारातून खाटेवरच्या आईकडे. आणि एकदम हसत सुटल्या.

“बरोबर आहे तुझं. एकतीस उजाडेल तेव्हा दे.”

“दोन महिन्यांचं मिळून?”

“छे! ज्या महिन्याला एकतीस नाही, त्याला भाडं नाही. शब्द म्हणजे शब्द.”

एप्रिलात तेच झालं, जूनमध्येही. कुलूपवालीनं मालकीणबाईंना बरोबर कोंडीत पकडलं, असा गल्लीभर बोभाटा झाला. मालकीणबाई स्वतःच तो किस्सा रंगवून सांगत. “पोरीचं डोकं बघा! मला चारी मुंड्या चीत केलं.”

“अहो, पण नुकसान तुमचं होतंय,” कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणे.

“होऊ दे. खोली काय पळून जातेय?”

त्याच वर्षी त्यांनी शिवणयंत्र विकलं. उगाच जागा अडवतं, म्हणाल्या. शेजारपाजारचे कपडे इस्त्रीला घेऊ लागल्या. बसून बसून हात आखडतात, म्हणाल्या. कुलूपवाली मनातून थक्क व्हायची. घराची मालकीण, पण कामात कसला म्हणून कमीपणा नाही! आपल्यालाही असं जगता आलं पाहिजे.

आई हळूहळू हिंडूफिरू लागली. टेबलाचं दुकान झालं. तरी कुलूपवालीच्या मनात ते भाडं सलतच होतं. पुढच्या वर्षी एका दुपारी बुडवलेल्या सगळ्या महिन्यांचं पाकीट घेऊन ती खाली गेली.

दार उघडंच होतं. मालकीणबाई सुजलेला पाय स्टुलावर टेकवून बसल्या होत्या. समोर एक अनोळखी माणूस नोटा मोजून पिशवीत ठेवत होता.

“तू... तू जरा वेळानं येतेस का गं?” मालकीणबाई गडबडून म्हणाल्या.

“येऊ द्या त्यांना, माझं झालंच,” म्हणत तो माणूस उठला. “पाय बरा होईपर्यंत तुम्ही येऊ नका, मावशी, मीच येत जाईन. वरच्या आणि खालच्या, दोन्ही खोल्यांचं भाडं पोचलं. मालक नेहमी म्हणतात, इतक्या वर्षांत एकही महिना न चुकवलेली भाडेकरू आपल्याकडे एकच.”