ओढ्यापाशी फुटणारा रस्ता

"सभेला बोलावलं की चार माणसं यायची नाहीत, आणि आज बघा," तिरडीमागून चालणारी काकू पुटपुटली. बाबांना खांदा दिलेल्या विशाखाला त्यातही हसू आलं. एवढी गर्दी बघून बाबा भाषणालाच उभे राहिले असते.

पलीकडचा खांदा सरपंचांनी दिला होता. माणूस भला. सकाळपासून लाकडं, बर्फ, मांडव, सगळ्याची त्यांनी चौकशी केली होती. न्यायचं कुठं, हे मात्र कोणीच विचारलं नव्हतं.

ओढ्यापाशी रस्ता फुटला. उजवीकडं पत्र्याच्या शेडची स्मशानभूमी. ती साऱ्या गावाची आहे, असा निकाल बाबांनी वर्षानुवर्षं कोर्टात भांडून आणला होता. डावीकडं बौद्धवाड्याची उघडी जागा. निकालानंतरही वाड्यातलं प्रत्येक प्रेत डावीकडंच गेलं होतं. सरपंचांची पावलंही सवयीनं तिकडंच वळली.

विशाखा थांबली, तशी तिरडी थांबली. "ताई, आज नको," मागून भाऊ हळूच म्हणाला. "उद्यापासून आपल्याला इथंच राहायचंय."

"आईच्या वेळी बाबाही हेच म्हणाले होते." तिचा आवाज सगळ्यांना ऐकू जात होता. "निकाल खिशात असून त्यांनी तिला डावीकडं नेलं. गावाला भ्याले होते ते. मीही भ्यालेय. तरी उजवीकडं वळा, सरपंच."