गावाने काय मागितलं

जपानमधल्या सेंदाई शहरातल्या सभागृहात दिलमायाबाई बोलत होत्या. त्या नेपाळच्या एका डोंगराळ खेड्यातून आल्या होत्या आणि त्यांचं हिंदी जपानीत सांगायचं काम जयंतीकडे होतं. यादवी संपल्यावर गावाने स्वतः ठरवून आपला विकास कसा केला, हे ऐकायला लोक जमले होते.

"आम्ही सगळ्यांनी मिळून नदीवर पूल मागितला," दिलमायाबाई म्हणाल्या. "नदी ओलांडताना माझी सून वाहून गेली. या संस्थेवाल्यांनी समाजमंदिर बांधलं. पूल नाहीच."

जयंती श्रोत्यांकडे वळणार, तोच संस्थेचा प्रकल्पप्रमुख यतीन तिच्या कानाशी मराठीत कुजबुजला, "पुलाचं राहू दे. गावाने मागितलं तेच आम्ही दिलं, एवढंच सांग."

जयंतीने तेवढंच सांगितलं. आपल्याच आवाजाची तिला किळस आली. लोक उठून उभे राहिले, टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेतली एक म्हातारी तर डोळे पुसत कमरेत वाकली.

दिलमायाबाईंनी जयंतीचा हात घट्ट धरला. त्यांचा चेहरा उजळला होता.

"माझी सून गेली म्हणून रडली बघ ती," त्या म्हणाल्या. "आता पूल नक्की होणार, हो ना गं पोरी?"