वापरणाऱ्याचं नाव

यंत्र पुन्हा त्याच ओळीवर थांबलं.

सुकन्यानं बटण दाबून ते बंद केलं आणि परत चालू केलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभरा सरकल्या, दिवाळीपासून जिथं थांबत होत्या तिथंच येऊन थांबल्या. पंखा गरम वारा फिरवत होता. तिनं टेबलावर हात आपटला. ओळ हलली नाही.

खाली टेंपोचा हॉर्न वाजला.

"मॅडम, बिरदेव बोंबलतोय," प्रयोगशाळेची मदतनीस जगदेवी दारातून म्हणाली. "भरायला घेऊ का म्हनतोय. आनि आज आमच्यात पान्याचा दिवस हाय. चार दिसांनी येतंय, मला येळेवर जाऊ द्या."

"थांबायला सांगा त्याला."

"तुमी सांगा की. माझं कुटं ऐकतोय त्यो?"

तंत्रनिकेतनच्या त्या खोलीत वीस संगणक होते. बनवणारी कंपनी बंद पडली आणि तिची प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, चालेनाशी झाली. दुसरी घालावी तर आतला प्रोसेसर जगावेगळा. बाजारातली कुठलीच प्रणाली त्याला ओळखत नव्हती. सुकन्यानं विभागप्रमुख माने सरांना सांगितलं होतं, की मुक्त प्रणाली सगळ्यांना उघडी असते, तिचा कोड बदलून या प्रोसेसरवर उतरवता येते. मी उतरवते. सरांनी मान डोलावली होती. आजच्या दुपारपर्यंत एक जरी संगणक चालला तर सगळे राहतील, नाहीतर सगळे भंगारात, असं ठरलं होतं.

प्रणाली बनवणाऱ्या परदेशातल्या मंडळींना तिनं कितीदा विचारलं. हा प्रोसेसर आता कोण वापरतं, असं त्यांचं उत्तर यायचं. एकानं तर सोडून द्यायचा सल्ला दिला होता, तोही अगदी गोड शब्दांत. त्या गोडव्याचा तिला जास्त राग आला होता.

माने सर रुमालानं मान पुसत आत आले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मॅडम, जूनला नवी पोरं येतील. त्यांना बसवायचं कुठं? या डब्यांच्या डोक्यावर?"

"सर, अजून थोडा वेळ."

"वेळ दिलाच की."

"वेळ दिलात, विश्वास नाही दिलात!" सुकन्याचा आवाज चढला. "तुमचा नाही, त्या बाहेरच्या लोकांचा नाही. स्टाफरूममध्ये सगळे हसतात. मी एकटीच ओढत बसलेय हे."

"विश्वास नसता तर टेंपो दिवाळीतच आला असता," माने सर शांतपणे म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

"दृष्ट लागलीया ह्याला," जगदेवी म्हणाली. "मीठ-मोहऱ्या ओवाळू का?"

"ओवाळा. तेवढंच राहिलंय."

सुकन्यानं शेजारच्या लॅपटॉपवर परत कोड उघडला. प्रणालीला काम करायला घड्याळाचा ठोका लागतो. तो प्रोसेसरनं द्यायचा असतो. ठोका येत नव्हता आणि प्रणाली वाट बघत उभी राहत होती, एवढं तिला कधीच कळलं होतं. तो आणण्यासाठी तिनं किती युक्त्या रचल्या होत्या, एकीवर एक. आज तिला त्या बघवेनात. तिनं सगळ्या खोडून टाकल्या. रागानंच खोडल्या. पान मोकळं झालं तेव्हा तळाशी एक जुनी ओळ उरली. नेहमीच्या संगणकाच्या कोडमधून पहिल्याच आठवड्यात उचललेली. ठोका कुठल्या वाटेनं येणार, ते त्या ओळीत लिहिलं होतं. या प्रोसेसरची ती वाटच नव्हती.

तिनं वाटेचा क्रमांक बदलला. बदललेल्या कोडमधून प्रणालीची नवी बांधणी केली. यंत्र चालू केलं.

ओळी सरकल्या. नेहमी थांबायच्या त्या ओळीपाशी आल्या आणि पुढं गेल्या.

यंत्राला मेमरी सापडली, डिस्क सापडली, की-बोर्ड सापडला. जगदेवी पाण्याचं विसरून पुढं आली. मग पडदा स्वच्छ झाला. वरच्या कोपऱ्यात एकच शब्द उरला, लॉगिन. त्याच्यापुढं एक चौकोनी ठिपका लुकलुकत होता.

माने सर उठले आणि खिडकीतून ओरडले, "बिरदेव, जा रे परत! काही भरायचं नाही."

"आता सांगतायसा व्हय सर? डिझेल काय तुमचा मामा भरनार?"

"चहा पिऊन जा!"

सर हसत परतले. सुकन्याचे डोळे भरून आले होते. "टाका मॅडम नाव," ते म्हणाले.

तिनं आपलं नाव टाकलं. यंत्रानं नाकारलं. मग व्यवस्थापकाचं, म्हणजे ॲडमिनचं, ठरलेलं नाव टाकलं. तेही नाकारलं.

"आता गं बया," जगदेवी म्हणाली. "तुमीच उटवलंय आनि तुमालाच वळखंना?"

सुकन्या पडद्याकडे बघत राहिली. "यात कुणाचंच नाव घातलेलं नाही सर. आधी घालावं लागतं. अर्ध्या तासाचं काम आहे, नवी बांधणी करते."

"विसरलात होय? चालायचंच, एवढ्या गडबडीत."

"हो सर, विसरले."

विसरली नव्हती ती. दर वेळी बांधणी करताना पडद्यावर प्रश्न यायचा, वापरणाऱ्याचं नाव काय. आणि दर वेळी सुकन्या ती जागा कोरी सोडून पुढं जायची. तिथवर कोण पोचतंय, म्हणून.