लोखंड न लागलेले केस

"बाहेर किती जण आहेत?" राजा कारिमुंडने विचारलं.

"चाळीसेक," विल्ट्रूडा म्हणाली. मठाची प्रमुख तीच होती आणि कारिमुंडची सख्खी आत्याही. आत्ताच ती फाटकापर्यंत जाऊन आली होती.

"निशाण दादाचंच?"

"त्याचंच."

कारिमुंड संताच्या थडग्याला पाठ लावून बसला. तीन दिवसांपूर्वी नदीकाठी शेजारच्या राज्यावर बसलेल्या थोरल्या भावाने त्याच्या फौजेचा धुव्वा उडवला होता. तेव्हापासून तो या चर्चमध्ये आसरा घेऊन होता. इथून कोणाला ओढून नेणं महापाप. पण दादाचा काय भरवसा! समोर जवाची भाकरी तशीच पडली होती.

"दादा स्वतः आलाय?"

"नाही. तो नाही येणार."

"मग ही माणसं काय म्हणतात?"

"तू बाहेर ये म्हणतात."

"नाही आलो तर?"

"थांबू म्हणाले."

त्याचा हात केसांकडे गेला. कमरेपर्यंत आलेल्या त्या केसांना जन्मापासून लोखंड लागलं नव्हतं. त्याच्या घराण्यात केस गेले की राज्य गेलं.

"आत्या, हे काढून टाकले तर मारतील मला?"

"बोडक्याला कोण कशाला मारेल? आमच्या आन्सोल्डला तूही मारलं नाहीस."

आन्सोल्ड तिचा, मठात येण्याआधीचा, एकुलता एक मुलगा. उद्या गादीवर हक्क सांगेल म्हणून कारिमुंडने भर दरबारात त्याचं मुंडण करवून त्याला दूरच्या मठात धाडलं होतं.

"बरा आहे ना तो?"

"कोबी लावतो."

"मीही लावीन कोबी!" कारिमुंडला हुंदका आवरेना. "कात्री आण, आत्या. तुझे पाय धरतो."

"नीट विचार कर. मी काही सांगत नाही तुला."

"आण म्हणतो ना!"

मेंढ्या कातरायची कात्री आली. विल्ट्रूडाने एकेक बट मुळापासून, सावकाश कापली. आधी तो ढसाढसा रडला. मग चाळीस वर्षांत पहिल्यांदा मान हलकी वाटली आणि त्याला भूक लागली. उभ्याउभ्याच त्याने अर्धी भाकरी खाल्ली, मठातला जाडाभरडा झगा चढवला आणि दाराचा अडसर काढला.

अंगणात चाळीस माणसं गुडघे टेकून बसली होती. मधोमध जमिनीवर एक रुंद ढाल आडवी ठेवलेली होती.

पुढचा सरदार त्याच्या खांद्यावरून आत डोकावला.

"अहो बुवा, जरा महाराजांना पाठवा की लवकर! त्यांना ढालीवर उचलून राजा म्हणून जाहीर करायचंय. थोरले महाराज परवा जखमेने गेले, मागे मूल ना बाळ. आता दोन्ही राज्यं यांचीच. सकाळीच आत्याबाईंना सगळं सांगितलंय, अजून तयारी होईना?"