तळातला पाहुणा

ट्रे हातात घेऊन ती सरांच्या केबिनच्या दारात उभी राहिली आणि तिचे पाय पुढे सरकेनात.

समुद्रात सोडलेला पिंजरा जहाजावर आला तेव्हा त्यातला मासा चांगला धड होता. समुद्राच्या पार तळातला गोगलमासा! गुलाबीसर, अंगावर एक खवलं नाही, कातडीतून आतलं काळीज दिसतंय. एवढ्या पाण्याच्या भाराखाली मजेत जगणारा हा प्राणी, वर उबेत आला की विरघळायला लागतो. त्याला तडक बर्फाच्या पाण्यात घालायचं, हे तिनंच सगळ्यांना दहादा बजावलेलं. पण हौस वाईट हो! खलाशी म्हणाले, "मॅडम, एकच फोटो." मग आचाऱ्याला हवा, कप्तानाला हवा, शेवटी तिला स्वतःलाही हवा. तळहातावर मासा आणि भर उन्हात दात काढून हसणं. तो बोटांमधून ओघळायला लागला तेव्हा कुठे बाईसाहेब भानावर आल्या.

आणि आत सर बसलेले. त्यांची उभी हयात या माशामागे गेली. नजर अधू होत चाललेली, डॉक्टरांनी बजावलेलं, हा प्रवास शेवटचा.

"आण, आण लवकर!" सरांनी ट्रे ओढून घेतला, भिंग डोळ्याशी धरलं. बराच वेळ बघत राहिले. "अगं, हा तर नुसता लगदा. वर येतानाच असा झाला?"

"हो सर."

पटकन निघून गेलं तोंडातून. जीभ कसली, वैरीण मेली! स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली तिला.

तेवढ्यात कप्तान दारात आला. "सर, पिंजरा पुन्हा सोडू का? हवा चांगली आहे, उद्यापर्यंत थांबता येईल."

सरांनी भिंग खाली ठेवलं. "नको. वर येईपर्यंत तो टिकतच नसेल, तर माझ्या हट्टापायी आणखी एक जीव कशाला घ्यायचा? फिरवा जहाज."

कप्तानानं तिच्याकडे बघितलं. फोटोत तोही होता. बोल, आता तरी बोल, असं तिचं मन ओरडत होतं. तिनं मान खाली घातली. कप्तान निघून गेला, आणि थोड्या वेळानं जहाज वळू लागलं.

सरांनी चाचपडत तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"बरं झालं तू होतीस, पोरी. दुसरं कुणी असतं, तर माझं मन राखायला खोटं बोललं असतं."